सुनेची बाग, भाच्याचं गुगल

"अगं, आमच्याकडे कालपासून दोन तट पडलेत," असं म्हणत काकूंनी कुंपणाच्या जाळीवरून गवती चहाची जुडी पुढे केली. जुडी हे निमित्त. काकूंना काही सांगायचं असलं की आधी गवती चहा येतो, मग बातमी. बातमी मोठी असली तर सोबत आलंही येतं. आज आलंही होतं.

तट पडले होते सून आणि भाचा यांच्यात. सुनेला बागेचं वेड. गच्चीत, जिन्यात, न्हाणीघराच्या खिडकीत, जिथे म्हणून कुंडी मावते तिथे कुंडी. तिने बागवेड्यांचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढला, तो भरून वाहायला लागला, आणि मग दरवर्षी पावसाळा सरला की तोच खेळ. एकजण विचारतो, गुलाबाची छाटणी कधी करायची? ती लिहिते, ऑक्टोबरात. चार दिवसांनी दुसरी विचारते, गुलाबाची छाटणी कधी करायची? मध्ये कुणीतरी गुड मॉर्निंगचा उगवता सूर्य टाकलेला असतो आणि त्याखाली ते उत्तर गडप. व्हॉट्सअ‍ॅपवरचं गुगलला दिसत नाही, आणि खरं सांगायचं तर ग्रुपातल्यांनाही दिसत नाही. म्हणून मराठीतून बागेवर बोलायचं स्वतंत्र संस्थळ काढायचं ठरलं. इथवर सगळे एका बाजूला होते.

"मग बिनसलं कशावरून?"

"नावावरून!" काकूंनी इकडेतिकडे पाहिलं, आवाज खाली घेतला आणि सुनेने ठरवलेलं नाव मला सांगून टाकलं. डोमेन अजून विकत घेतलेलं नाही, तोवर कुठे बोलायचं नाही अशी ताकीद होती म्हणे. ताकीद काकूंना होती, मला नव्हती. पण हे मासिक सूनबाई वाचतात, तेव्हा नाव छापत नाही. एवढंच सांगते की ते तीन अक्षरांचं आहे, कानाला गोड आहे आणि त्यावरून बागेतलं ब सुद्धा कळत नाही.

भाचा पुण्यात डिजिटल मार्केटिंगमध्ये आहे. त्याने फोनवरच कपाळाला हात लावला. "म्हणतो, आत्या, असलं नाव कोण शोधणार? लोक गुगलवर काय टाकतात ते बघ. मराठी, बागकाम, माहिती, टिप्स. हे चारही शब्द नावातच हवेत, म्हणजे गुगल आपोआप वर काढतं. त्यावर ही म्हणाली, असलं नाव मी माझ्या कुंडीलाही देणार नाही. झालं! आता तूच सांग, तू त्यातलीच ना? आणि हे बघ, नाव ठेवण्यातलं मलाही कळतं. त्या भाच्याचं नाव मीच ठेवलंय, आत्या म्हणून."

मी त्यातलीच, हे खरं. काही वर्षं एका कचेरीत बसून लोकांची पानं गुगलवर वर कशी आणायची हेच केलं. म्हणून म्हटलं, "काकू, भाचा सांगतोय ते एके काळी खरं होतं. २०१२ च्या सप्टेंबरात गुगलने त्याला कात्री लावली. तेव्हा गुगलचे मॅट कट्स म्हणून एक गृहस्थ होते, फसव्या पानांचा बंदोबस्त त्यांच्याकडे. त्यांनी जाहीरच केलं की नुसते शोधायचे शब्द नावात कोंबलेत आणि आत दम नाही, अशी संस्थळं यापुढे खाली जातील."

"म्हणजे आमची सून जिंकली?"

"अर्धी."

काकूंना अर्धा निकाल आवडत नाही. त्यांनी कुंपणाला टेकून बसायला प्लास्टिकचं स्टूल ओढलं. मीही पायरीवर टेकले. गॅसवर कुकर होता, पण शिट्ट्या इथवर ऐकू येतात.

"आधी जिंकलेली अर्धी बाजू सांगते," मी म्हटलं. "आपल्या मराठीत गप्पांची जुनी संस्थळं कोणती? मायबोली, १९९६ पासूनची, अमेरिकेत निघालेली. मिसळपाव, २००७ मधलं. मनोगत, उपक्रम, ऐसी अक्षरे. एकाच्या तरी नावात 'मराठी चर्चा' आहे का? मिसळपावावर तर लोक कवितेपासून करप्रणालीपर्यंत सगळ्यावर भांडतात. नावावरून वाटेल फरसाणाचा कारखाना आहे."

"आणि तिथले लोक स्वतःला मिपाकर म्हणवतात," काकू म्हणाल्या. काकूंचे भाऊजी मिपाकर. "एकदा कट्ट्याला म्हणून ठाण्याला गेले ते दुसऱ्या दिवशी उगवले." मग जरा थांबून त्यांनी मनातल्या मनात काहीतरी जुळवून पाहिलं. "मायबोलीकर, मिपाकर. आणि भाच्याच्या नावाला 'कर' लावून बघ. मराठीबागकाममाहितीटिप्सकर. लग्नपत्रिकेत कसं छापायचं?"

मी ज्या कचेरीत होते तिथे नावाची परीक्षा घ्यायला भलेमोठे तक्ते होते. नाव लक्षात राहतं का, उच्चारता येतं का, चुकीचं लिहिलं तरी सापडतं का. काकूंची परीक्षा एका प्रत्ययात संपली. मराठीत ज्या नावाला 'कर' लागतो, तिथे माणसं स्वतःला राहणारी समजतात. मायबोलीवाल्यांचा वर्षाविहार असतो, त्याला ते 'ववि' म्हणतात. बाहेरच्याला तो शब्द कळतही नाही, आणि आतल्याला समजावून सांगावा लागत नाही. असे पुष्कळ शब्द साठले की लोक गुगलमार्फत येत नाहीत, थेट येतात. ब्रँड ब्रँड म्हणून जे काही सांगतात ते चिन्ह, रंग, घोषवाक्य यांत थोडंसं असतं. बाकी सगळं या 'ववि'मध्ये असतं.

"तर मग भाच्याला फोन करून सांगते," काकू उठायला लागल्या.

"थांबा हो. मेटाफिल्टरवाल्यांचं काय झालं ते ऐकलं नाहीत ना?"

काकू बसल्या. कुणाचं तरी काहीतरी झालंय म्हटल्यावर काकू उठत नाहीत, मग ते घर पलीकडच्या गल्लीतलं असो की अमेरिकेतलं.

मॅट हाउई नावाच्या माणसाने १९९९ मध्ये हे मेटाफिल्टर काढलं. चांगलं काही वाचलं की त्याचा दुवा द्यायचा आणि त्यावर बोलायचं. पुढे सदस्य व्हायला पाच डॉलर ठेवले. एकदाच, आयुष्यभरासाठी.

"पाच डॉलरने काय होतंय?"

"टवाळखोर गळतात. फुकट शिव्या देणारा माणूस पैसे भरून शिव्या देत नाही."

काकूंना हे पटलं. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेलाही प्रवेश फी ठेवावी असं त्यांनी सुचवलं. मुद्दा लांबणीवर टाकून मी पुढे गेले. तर २००३ च्या अखेरीस त्यांनी प्रश्नोत्तरांचा वेगळा विभाग काढला. घर बदलताना मांजराला काय द्यावं इथपासून नोकरी सोडू का इथपर्यंत काहीही विचारायचं, आणि जाणती माणसं नीट उत्तरं द्यायची. ही उत्तरं गुगलला फार आवडली. कुणीही काहीही शोधलं की मेटाफिल्टर वर. मग वाटसरूंची रीघ लागली. सदस्यांना जाहिराती जवळजवळ नाहीतच, त्या दिसायच्या या बाहेरून आलेल्यांना, आणि त्या पैशांतून देखरेख करणाऱ्यांचे पगार. सदस्य खूश, वाटसरू खूश, गुगल खूश.

"आणि मग?"

"२०१२ चा नोव्हेंबर. एका रात्रीत येणारी गर्दी चाळीस टक्के कमी."

"काय केलं होतं त्यांनी?"

"काही नाही! तेच तर. गुगलने आपलं गणित बदललं, त्यात हे सापडले. कुणी कारण सांगेना. वर दुसरा ताप. त्यांच्याकडे पत्रं यायला लागली की तुमच्या चर्चेत आमच्या पानाचा दुवा आहे तो कृपया काढा, त्याने गुगल आमच्यावर रागावतंय असं आम्हाला वाटतं."

"म्हणजे यांनी कुणाचं तरी चांगलं म्हणून नाव घेतलं, आणि तेच सांगतायत पुसा?"

"हो. आणि दीड वर्षाने, २०१४ च्या मे महिन्यात, हाउईने सगळं उघड लिहिलं. देखरेख करणाऱ्यांपैकी तिघांना जायला सांगावं लागतंय म्हणाला. बोभाटा झाल्यावर आपले ते मॅट कट्स म्हणाले, हो, आमच्या एका बदलाचा त्यांना फटका बसलाय, ते काही फसवे लोक नाहीत, आम्ही बघतोय."

काकूंनी जीभ टाळ्याला लावून च्यक् केलं. "तिघांची नोकरी गेल्यावर बघतायत."

"पण बंद नाही पडलं. सदस्यांनी स्वतःच्या खिशातून पैसे द्यायला सुरुवात केली. मालक बदलला, पुन्हा बदलला, गर्दी पूर्वीची राहिली नाही, तरी आहे अजून."

यावर काकू जे बोलल्या ते मी कचेरीत असते तर भिंतीवर लावलं असतं. "हे आपल्या जुन्या मुंबई-पुणे रस्त्यासारखं झालं," त्या म्हणाल्या. "२००२ ला एक्सप्रेसवे पुरता सुरू झाला आणि सगळ्या गाड्या वरून जायला लागल्या. खालच्या हॉटेलवाल्यांच्या वड्यात काय बिघाड झाला होता? काही नाही. रस्ता सरकला. पण ज्याच्या वड्याचं नाव होतं त्याच्याकडे लोक अजून वाकडी वाट करून जातात. आमचे हे जायचे. मी ओरडायची, पेट्रोल जळतंय म्हणून."

कुकरची दुसरी शिट्टी झाली.

"म्हणजे नावच खरं. सून पूर्ण जिंकली," काकूंनी निकाल ओढून आणायचा प्रयत्न केला.

"नाव आहे पण रस्त्यालाच लागून नाही, असं असेल तर पहिल्यांदा वडा खायला येणार कोण? तुमच्या ह्यांनी तो पहिल्यांदा खाल्ला तेव्हा रस्ता तिथूनच जात होता ना?"

काकू गप्प. हे क्वचित घडतं.

मग मी त्यांना दुसऱ्या एका घराची हकिकत सांगितली. संगणकवाल्यांच्या अडीअडचणींसाठी एक्स्पर्ट्स एक्स्चेंज नावाचं ठिकाण होतं. आधी पत्त्यात ते दोन शब्द जोडून लिहिले होते. जोडून वाचल्यावर भलत्याच शस्त्रक्रियेच्या दवाखान्याचं नाव वाटायचं, म्हणून नंतर मध्ये रेघ घातली. (काकूंनी मला तीनदा उच्चार करायला लावला. मग पदर तोंडाला लावून हसल्या. आणखी काही सांगत नाही.) पण त्यांचं नाव खराब झालं ते त्या पत्त्यामुळे नाही. गुगलवर ते नेहमी वर. तुम्ही तुमची अडचण शोधायची, यांचं पान उघडायचं, तर समोर पाटी: उत्तर हवं तर पैसे भरा. उत्तर पानाच्या पार तळाशी असायचं, गुगलसाठी. ज्याला ठाऊक त्याने खालपर्यंत जाऊन वाचायचं, बाकीच्यांनी चरफडायचं. गुगलवर हजेरी शंभर टक्के आणि प्रत्येक हजेरीमागे एक नवा वैरी. गुगलवर दिसणं म्हणजे प्रसिद्धी, असं जो कुणी म्हणतो त्याला मी हे उदाहरण देते. वारंवार दिसून तुम्ही नकोसेही होऊ शकता.

त्या चरफडीतूनच २००८ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो निघालं. जेफ अ‍ॅटवुड आणि जोएल स्पोल्स्की, दोघेही लिहिणारे, दोघांचेही स्वतःचे ठरलेले वाचक. त्यांनी नाव कसं ठेवलं ठाऊक आहे? वाचकांचं मत घेऊन. नाव आतल्यांनी ठेवलं, पहिली वस्तीही आतल्यांचीच झाली, आणि मग रस्ता बांधला. प्रत्येक प्रश्नाचं शीर्षक त्या पानाच्या पत्त्यातच. तोच प्रश्न पुन्हा कुणी विचारला तर तो बंद करायचा, पण पुष्कळदा पुसायचा नाही. वेगळ्या शब्दांत शोधणारा त्यावरून मूळ उत्तराकडे जाईल. काही वर्षांत त्यांच्याकडे येणाऱ्यांतले ऐंशी टक्क्यांहून जास्त लोक गुगलवरून यायला लागले. २०२१ मध्ये प्रोसस कंपनीने ते १.८ अब्ज डॉलरला घेतलं.

"१.८ अब्ज!" काकूंनी सुनेच्या गच्चीकडे नव्या नजरेने पाहिलं.

"पुढचं ऐका. २०२२ च्या नोव्हेंबरअखेरीस चॅटजीपीटी आलं. संगणकवाले आपला प्रश्न तिकडे विचारायला लागले. स्टॅक ओव्हरफ्लोवर नवे प्रश्न कमी कमी होत गेले आणि २०२३ च्या ऑक्टोबरात त्यांनी २८ टक्के माणसं कमी केली."

"पण त्यांचं तर नाव होतं, गं."

हा प्रश्न बरोबर आहे, आणि भाच्यासारख्या लोकांना तो पडत नाही. नाव होतं, जगभर होतं. पण तिथल्या शिस्तीत गप्पांना जागा नव्हती. उत्तराखाली 'धन्यवाद' लिहिलंत तर तोही कुणीतरी काढून टाकायचा, कारण तो फापटपसारा. शोधणाऱ्याच्या दृष्टीने ही फार मोठी सोय होती. पान स्वच्छ, उत्तर समोर. पण येणारा उत्तर घेऊन जायचा, त्याला कुणी नाव विचारलं नाही, त्यानेही कुणाचं विचारलं नाही. उत्तर दुसरीकडे मिळायला लागलं तेव्हा परत यायला त्याच्याकडे कारण उरलं नाही. माझं असं मत आहे की त्यांनी गुगलसाठी घर इतकं आवरून ठेवलं की बसायला जागा ठेवली नाही. हे मत तिथल्या जुन्या लोकांना मान्य होणार नाही. ते म्हणतील, त्या शिस्तीमुळेच तर उत्तरं चांगली होती. तेही खोटं नाही.

"रेडिटचं सांग," काकू म्हणाल्या. नातू रेडिटवर असतो, म्हणून त्यांना त्या घराची विशेष उत्सुकता.

रेडिट २००५ चं. त्यांच्याबाबतीत गंमत अशी झाली की लोक गुगलवर आपला प्रश्न लिहायचे आणि शेवटी 'रेडिट' हा शब्द जोडायचे. म्हणजे शोधायचं गुगलवर, पण ऐकायचं रेडिटकरांचं. जाहिरातबाजीच्या पानांना कंटाळलेल्या माणसांनी ही सवय स्वतःच लावून घेतली, रेडिटने शिकवली नव्हती. नाव आणि शोध एकाच ओळीत आले. हे पैसे खर्चून होत नाही. २०२४ च्या फेब्रुवारीत गुगलने रेडिटशी करार केला, वर्षाला साधारण सहा कोटी डॉलरचा, अशा बातम्या आल्या.

"सहा कोटी म्हणजे मग काही चिंता नाही."

"असं वाटतं. २०२३ च्या जूनमध्ये रेडिटने काही नवे दर लावले म्हणून तिथल्या हजारो गटांनी निषेधात आपली दारं लावून घेतली. गुगलवर उत्तर दिसायचं, आत गेलं तर कुलूप. कंपनीला तेव्हा कळलं की घर आपलं असलं तरी माणसं त्या गटवाल्यांची आहेत. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत त्यांनी जो हिशेब मांडला त्यात सांगावं लागलं की आधीच्या तिमाहीत गुगलने शोधाचं गणित बदललं, त्याने आमच्याकडे येणाऱ्यांची संख्या वरखाली झाली. शेअर आपटला. करार होता, तरी."

काकूंनी सुस्कारा सोडला. मोठ्या घरांची दुखणी ऐकली की त्यांना जरा बरं वाटतं.

मग आम्ही सुनेच्या प्रश्नावर आलो, कारण काकूंना संध्याकाळी फोन करायचा होता आणि फोनवर काय बोलायचं ते आत्ता ठरवायचं होतं.

खरी गोची नावात नाहीच. नाव एकदाच ठेवायचं असतं. गोची शीर्षकात आहे, आणि शीर्षकं रोज पडतात. मराठी माणसाला शीर्षकात कोटी केल्याशिवाय चैन पडत नाही. सुनेने ग्रुपवर मोगऱ्याच्या छाटणीवर चांगलं सविस्तर लिहिलं होतं, मी वाचलंय. जानेवारी-फेब्रुवारीत कसा छाटायचा, पानं कशी काढायची, पाणी कधी तोडायचं, सगळं. वर शीर्षक: 'कात्री आणि कळी'. ग्रुपात सगळ्यांनी टाळ्या पिटल्या. पण ज्या बाईचा मोगरा उन्हाळ्यात नुसता हिरवागार उभा आहे, ती गुगलवर काय लिहिणार? 'मोगऱ्याला फुलं येत नाहीत'. बहुधा तेही रोमन लिपीत, आणि त्यात दोन चुका करून. तिला कात्रीही सापडत नाही, कळीही नाही.

"मग कोटी करायचीच नाही?" काकूंचा चेहरा पडला. चाळीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेली बाई.

"करायची ना. दुसऱ्या ओळीत करायची. शीर्षकात मोगरा, छाटणी आणि फुलं. खाली पहिल्याच वाक्यात हवी तेवढी कात्री चालवा."

जास्वंदीचं तर याहून अवघड. जास्वंदीवर जो पांढरा कापसासारखा थर धरतो, त्याला सुनेच्या ग्रुपातले जुने लोक मिलीबग म्हणतात. कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकेत तोच पिठ्या ढेकूण असतो. आणि ज्याच्या कुंडीत तो पहिल्यांदा आलाय त्याला यातलं एकही नाव ठाऊक नसतं. तो 'जास्वंदीवर पांढरी कीड' असंच शोधतो. आता संस्थळावर सगळे जाणकार जमले आणि आपापसात मिलीबग मिलीबग म्हणत बसले, तर त्यांची भाषा छान जमेल आणि नवा माणूस बाहेरच राहील. उलट प्रत्येक पानावर तिन्ही नावं यंत्रासारखी दहादहा वेळा घुसवली तर जाणकार पळतील. माझं म्हणणं, नव्या माणसाने ज्या शब्दांत विचारलं ते तसेच राहू द्यावेत. शुद्धलेखन सुधारू नये, 'असं विचारू नका, आधी शोधा' म्हणून डाफरू नये. अडाण्याचा प्रश्न त्याच्याच शब्दांत आणि उत्तर जाणत्याच्या शब्दांत, एकाच पानावर. त्याहून चांगली युक्ती मला कुठल्या कचेरीत सापडली नाही.

"आमच्या ह्यांचे शेतीचे लेख आहेत की संगणकावर," काकूंना आठवलं. "ते घालता येतील."

ते लेख शिवाजी फाँटात आहेत. त्या जुन्या फाँटांत पडद्यावर मराठी दिसते, आत साठवलेली असतात रोमन चिन्हं. गुगलला त्यात मराठी वाचताच येत नाही. तसाच मजकूर पुष्कळ लोकांकडे पडून आहे, वर्षानुवर्षांचा. युनिकोडमध्ये बदलून घ्यायला हवा. त्याची साधनं मिळतात, पण जोडाक्षरं तपासायला माणूस लागतो. काकू म्हणाल्या, जोडाक्षरं मी तपासते. म्हटलं, मग अर्धं संस्थळ तयार आहे.

भाच्यालाही काम हवंच, नाहीतर तो रुसेल. त्याला म्हणावं, गुगलचं सर्च कन्सोल लाव, फुकट असतं. त्यात लोक काय लिहून आपल्यापर्यंत आले ते दिसतं. दर महिन्याला दोन आकडे आत्याला सांगायचे: झाडाचं, किडीचं, खताचं नाव लिहून किती आले आणि संस्थळाचं नाव लिहून किती आले. पहिला आकडा मोठा असणारच. दुसरा वर्षभरात वाढला नाही तर सुनेचं चुकतंय. पहिला अगदीच नगण्य राहिला तर भाच्याचं. भांडायला सोयीचं.

आणखी एक काम त्याला द्यायचं: वशीकरणवाले. मराठीत चार माणसं जिथे बोलायला लागतात तिथे 'प्रेमविवाहातील अडचणी, चोवीस तासांत उपाय' घेऊन बाबा हजर होतातच. त्यांना आपल्या पानावर दुवा हवा असतो, गुगलची कृपा मिळावी म्हणून. ती मिळू नये यासाठी दुव्यांना खूण करायची सोय २००५ पासून आहे. सदस्यांनी टाकलेल्या दुव्यांसाठी गुगलने २०१९ मध्ये वेगळी खूणही दिली. ती लावायची. शिवाय नुसतं नाव नोंदवून गायब झालेल्यांची रिकामी पानं गुगलला दाखवायची नाहीत. पण बाबांना हाकलायला शेवटी जागता माणूसच लागतो, आणि इथे काकूंच्या डोळ्यांत जी चमक आली ती पाहून मला बाबांची दया आली.

"आणि ते हल्ली गुगलच वरती उत्तर देतं, ते?" काकूंनी विचारलं. काकू सगळं बघत असतात.

ते मात्र खरं संकट आहे. शोधल्यावर पानांच्या यादीआधी यंत्राने तयार केलेलं उत्तर, हे २०२४ मध्ये आपल्याकडेही आलं. गुलाब कधी छाटायचा, तर ऑक्टोबरात. एवढ्यासाठी यापुढे कुणी सुनेच्या दारात येणार नाही. त्याचं दुःख करू नये. तो माणूस तसाही थांबणार नव्हता. पण नाशकाच्या मे महिन्यात, तिसऱ्या मजल्याच्या पश्चिमेच्या गच्चीत, हिरवं कापड लावून काय जगलं आणि कापड लावूनही काय मेलं, हे यंत्राला कुणीतरी लिहिल्याशिवाय कळत नाही. अशी पानं गुगलवरून माणूस आणतात आणि आणलेल्या माणसाला बसवूनही ठेवतात, कारण त्यालाही आपली मेलेली झाडं सांगायची असतात. सुनेने सुरुवात तिथून करावी. आधी पंधरा-वीस जणांच्या मेलेल्या झाडांपासून.

"मेलेल्या झाडांपासून?"

"जगलेल्यांचे फोटो सगळीकडे आहेत, काकू."

कुकरची चौथी की पाचवी शिट्टी झाली आणि डाळीचा वास कुंपणापर्यंत आला. काकूंनी स्टूल उचललं, फोनवर बोलायचा मजकूर एकदा म्हणून दाखवला: नाव सुनेचं राहील, त्यात आता बदल नाही. शीर्षकं टाकण्याआधी भाचा बघेल, पण मजकुराला हात लावणार नाही. वर्षातून एकदा सगळ्यांनी भेटायचं, बियांची अदलाबदल करायची आणि त्या भेटीला काय म्हणायचं ते जमलेल्यांनी ठरवायचं. आणि गुगलच्या जाहिरातींच्या पैशांवर कुणाचाही पगार लावायचा नाही. हे शेवटचं कलम काकूंचं स्वतःचं. मी सुचवलं नव्हतं.

वाचकहो, तुमच्यापैकी कित्येकजण मायबोली, मिसळपाव किंवा अशाच कुठल्या संस्थळावर लिहीत असाल. तुमच्या जुन्या लेखांमध्ये जिथे पदार्थाचं, झाडाचं, गावाचं, दुखण्याचं नाव शीर्षकात नाही, तिथे सवड मिळेल तेव्हा ते घाला. कोटी दुसऱ्या ओळीत हलवा. शीर्षक बदलायची सोय नसेल तर तिथल्या संपादकांना सांगा, बहुतेक ठिकाणी ते करून देतात.